कणकवलीजवळ

सोमवारी सकाळी शिवानीने दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं, तर चौकटीवरची पट्टी पांढरी झालेली. रविवारपर्यंत हिरवी होती. वीतभर लांबीची, बोटभर रुंदीची ती पट्टी ठाकुर्लीपासून ठाण्यापर्यंत प्रत्येक दारावर बसवून दीड वर्ष झालं होतं. लावली तेव्हा लोकांनी चार दिवस आरडाओरडा केला, मग तिच्यावर आंब्याचं तोरण बांधलं. आपल्याकडे कशाचीही सवय व्हायला चार दिवस पुरतात. ज्याचं मूळगाव त्याला ओळखतं त्याची पट्टी हिरवी, ज्याला ओळखत नाही त्याची पांढरी, एवढं साधं होतं ते. पांढरा रंग तसा वाईटही नव्हता. मऊ होता, जिन्यातल्या अंधारावर साय धरावी तसा पसरला होता, आणि शिवानी हातात गार पिशवी घेऊन त्याच्याकडे बघत राहिली. समोरच्या वैशालीकाकू कचऱ्याची बादली ठेवायला बाहेर आल्या, त्यांनी वर बघितलं, शिवानीकडे बघितलं, आणि बादली न ठेवताच आत गेल्या. काकूंनी लहानपणी तिच्या डोक्यातल्या उवा काढल्या होत्या. दार मात्र त्यांनी हळूच लावलं, आवाज होऊ दिला नाही.

फोनवर आजोबांबद्दल चार ओळी आल्या होत्या. महिपत यांचं नोंदवलेलं मूळगाव कणकवली. कणकवलीने या इसमास ओळखण्यास नकार दिला आहे. गुरुवारी अकरा वाजता कोपरीच्या मूळस्थान कार्यालयात सुनावणी. गाव नकार कसं देतं, असं शिवानीच्या मनात आलं. डोळ्यांपुढे उगाच एक अख्खं गाव उभं राहिलं, आजोबांचा फोटो हातात धरून, उजेडाकडे नेऊन निरखत, आणि मग मान हलवत. नाही बुवा, ह्याला कधी बघितला नाही. तिला त्या न पाहिलेल्या गावाचा राग आला. मग भीती वाटली, कारण सुनावणीत गाव सापडलं नाही तर माणसाला मुक्कामात नेतात हे लहान पोरालाही ठाऊक होतं. मुक्काम म्हणजे खाडीपलीकडच्या जुन्या मिठागरांवर उभ्या केलेल्या पत्र्याच्या लांब खोल्या. तिथून कुणी परत आल्याचं ऐकिवात नव्हतं. कुणी मारत नव्हतं म्हणे तिथे, जेवणही वेळेवर असतं. पण आजोबा शहाऐंशी वर्षांचे. त्यांना स्वतःच्या चहाचा कप दिसला नाही तरी दिवसभर चुकल्यासारखं व्हायचं.

आजोबा गॅलरीत होते. पायावर ऊन घेऊन बसायचे ते, गुडघ्यापर्यंत लुंगी सरकवून, आणि ऊन सरकलं की खुर्ची सरकवायचे. तिने त्यांच्याजवळ बसून विचारलं, "आजोबा, आपलं गाव कुठलं?"

"कणकवली."

"कणकवलीत कुठे?"

आजोबांनी रस्त्याकडे बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. "जवळ," ते म्हणाले.

हे 'जवळ' शिवानीने जन्मात पहिल्यांदा ऐकलं. आणि ऐकल्याबरोबर तिला सगळं कळलं. म्हणजे शब्दांत नाही, जिना उतरताना एक पायरी कमी असावी आणि पाय नुसताच खाली जावा, तसं कळलं. सहासष्ट साली महिपत ठाण्याला आला, टेंभी नाक्याजवळच्या चाळीत नऊ जणांत दहावा म्हणून राहिला, वागळे इस्टेटीत काचेच्या कारखान्यात भट्टीपुढे उभा राहिला. तिथे पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं असणार, कुठचा रे तू? त्याने वाडीचं नाव सांगितलं असणार. समोरचा हसला असणार, हे कुठे आलं बाबा? मग दुसऱ्या दिवशी तो म्हणाला असेल, कणकवलीजवळ. एवढीशी वाडी कुणाला ठाऊक असणार, एसटी जिथे थांबते त्याचं नाव सांगायचं ही आपल्या माणसांची रीतच आहे. त्यात खोटं बोलण्याचा हेतू नसतो, समोरच्याला त्रास नको एवढंच असतं. मग वर्षभरात कधीतरी ते 'जवळ' गळून पडलं. रेशनकार्डावर कणकवली, बाबांच्या शाळेच्या दाखल्यावर कणकवली, बाबा गेले तेव्हा त्या कागदावरही कणकवली. गावाकडे मोठ्या भावाशी वाजलं होतं, घराच्या वाट्यावरून, आणि आजोबांनी शपथ घेतली होती की त्या वाडीचं नाव ह्या तोंडातून निघणार नाही. शपथ पाळली पठ्ठ्याने. बाबांना कधी नेलं नाही, शिवानीला आणि तिच्या भावाला, विनीतला, तर नाहीच. गणपतीत अख्खी चाळ गावाला जायची तेव्हा ही मंडळी रिकाम्या चाळीत राहायची, आणि ती रिकामी चाळ बाबांना लहानपणी फार आवडायची, असं ते सांगायचे. एका टोकाला टाळी वाजवली की दुसऱ्या टोकाला ऐकू यायची.

दुपारी विनीतचा फोन आला. कॅनडात हॅमिल्टनला असतो तो, अकरा वर्षं झाली, मुलगी अंतरा आता सात वर्षांची. तिकडेही पट्ट्या आल्यात, म्हणाला, दारावर नाहीत, मनगटावर आहेत. आणि तिकडच्या लोकांनी मुंबईला विचारलं होतं की हा विनीत तुमचा का, तर मुंबईने कानांवर हात ठेवले. शिवानी हसली. तिला हसायचं नव्हतं, पण आलं. "तू मुंबई सांगितलंस?" तिने विचारलं. तो चिडला, मग काय ठाकुर्ली सांगू, इथे कोणाला माहितीये ठाकुर्ली, असं म्हणाला आणि मग स्वतःचंच बोलणं त्याच्या ध्यानात आलं. शिवानीलाही आठवलं की ठाण्याच्या लॅबमध्ये, जिथे ती रक्ताच्या बाटल्यांवर नावं चिकटवायची, तिथे कुणी विचारलं तर ती डोंबिवली सांगायची. ठाकुर्ली म्हटलं की लोक म्हणायचे, म्हणजे डोंबिवलीच ना. हो, म्हणजे तेच. मग विनीत हळू आवाजात म्हणाला की सापडलं तर मला पण सांग, अंतराला शाळेत लिहायचंय, आणि तसंही, मला हवंय ते.

मंगळवार-बुधवार तिने ट्रंक उपसली. ट्रंकेत एक पितळी तांब्या निघाला, आजीचं काळं पडलेलं डोरलं, बाबांच्या चित्रकलेच्या परीक्षेचं प्रशस्तिपत्र, आणि कारखान्याचा एक पास, ज्यावर एक अनोळखी, दाट केसांचा तरुण रागाने बघत होता. वाडीचं नाव कशावरच नव्हतं. आजोबांना दर तासाने विचारलं. ते मन लावून आठवायचे, इतकं मन लावून की तिलाच कसंतरी व्हायचं. वहाळ होता, ते सांगायचे. वहाळावर साकव होता, ओंडक्यांचा, पलीकडे जायला. साकवापलीकडे राखणदाराची जागा, नुसता दगड, वर छप्पर नाही, तो छप्पर घालू देत नाही. नाव विचारलं की तोंड उघडायचं आणि तसंच राहायचं. शपथ म्हणावी तर ज्याच्यापायी घेतली तो भाऊ कधीच गेला. विसर म्हणावा तर डोळ्यांत काहीतरी हलायचं. बुधवारी दुपारी पडल्या पडल्या तिचा डोळा लागला आणि तिला वाटलं की आपण ठाकुर्लीच्या जिन्यातच आहोत पण जिन्यातून पाणी वाहतंय, घोट्याएवढं, स्वच्छ, आणि प्रत्येक दारात एकेक म्हातारं माणूस पाय सोडून बसलंय, आणि सगळे तिला ओळखतात. कुठची गे तू, असं कुणीच विचारत नव्हतं. जाग आली तेव्हा उशी ओली होती. तिला वाटलं, आपल्याला हे गाव आजोबांसाठी नकोय, आपल्याला स्वतःला हवंय. आणि ह्याची तिला लाज वाटली.

गुरुवारी गाडी करून दोघं कोपरीला आले. कार्यालयाचा हॉल लांबलचक, खिडक्या खाडीकडे उघडणाऱ्या, भरतीच्या चिखलाचा वास थेट आत, आणि पंखे इतके संथ फिरत होते की त्यांची पाती मोजता यावीत. बाकांवर माणसं गुंगीत बसल्यासारखी. शेजारी एक म्हातारी बसली होती, काष्ट्याचं लुगडं, अंबाड्यात अबोली, मांडीवर बाजाराची पिशवी. मनुबाई तिचं नाव, कोपरीचीच कोळीण. तिची तिसरी खेप होती. फॉर्मवर 'कुठून आलात' हा रकाना आहे आणि तो मोकळा ठेवता येत नाही, हे तिला दोनदा समजावण्यात आलं होतं. "आमी कंदी आलोच नाय, तं लिवू काय?" ती शिवानीला म्हणाली. तिच्या आज्याचा आजा ह्याच खाडीत जाळं टाकायचा. शेवटी आज सकाळी आतल्या मॅडमनी कुठून आलात पुढे कोपरी आणि कुठे आलात पुढेही कोपरी असं लिहून टाकलं, मशीनने ते घेतलं, आणि आता ती शिक्क्याच्या कागदासाठी थांबली होती. म्हातारीने आजोबांकडे बघून विचारलं, दादा, कुठले? शिवानी घाईने मध्ये बोलायला गेली. पण आजोबा म्हणाले की पूर्वी चाळीतून चालत कोपरीला यायचे ते, रविवारी, कालवं घ्यायला. मग दोघं कालवांवर बोलत बसले. कुठल्या दगडांवर मिळायची, आता का मिळत नाहीत, कोणाच्या बायकोला साफ करता यायची नाहीत. बायजा नावाची कोणी कोळीण होती, ती मापात नेहमी एक मूठ जास्त टाकायची, असं आजोबा म्हणाले, आणि मनुबाई म्हणाली की ती तिची सासू, तिच्या ह्या सवयीपायी आम्ही कधी वर आलो नाही.

तेवढ्यात आतून एक कुटुंब बाहेर आलं. नवरा-बायको, दोन मुलं, एक म्हातारी. त्यांचं गाव सापडलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर अजून आनंद होता, मुलांच्या हातात हिरवे कागद होते, पण शिपायाने त्यांना पुढच्या दाराकडे न नेता मागच्या दाराकडे नेलं. मागे बस उभी होती, पडदे लावलेली, कपाळावर कुठल्याशा गावाचं नाव. रिकामी पडलेली गावं भरतायत, मनुबाईने हळूच सांगितलं. गाव सापडलं आणि तिथे माणसं असली, तर ती ओळख देतात आणि तुम्ही घरी जाता. गाव सापडलं आणि तिथे कोणीच नसलं, तर ओळख द्यायला तुम्हालाच तिकडे नेऊन बसवतात. सगळ्या घराला नाही, गावात जन्मला असेल त्याला. बाकीच्यांना वाटलं तर जावं. आताची म्हातारी एकटी जाणार होती की सगळे, ते कळलं नाही. बस निघून गेली. चार दिवस ती देवाला म्हणत होती, सापडू दे, सापडू दे. आता काय मागावं तेच तिला सुचेना.

नाव पुकारलं. आतल्या खोलीत भाविका मॅडम बसल्या होत्या, चाळिशीच्या, डोळ्यांखाली काळं, टेबलावर डबा अर्धा उघडा. वाईट बाई नव्हती. तिने आजोबांना आधी पाणी दिलं. मग सांगितलं की मूळगाव सांगा, आजोबा, आज सांगितलं नाहीत तर मला तुम्हाला मुक्कामात पाठवावं लागेल, माझ्या हातात दुसरं काही नाही. आजोबांनी आठवायला सुरुवात केली. तोंड उघडं, डोळे खिडकीबाहेर. घड्याळ पुढे सरकत होतं. शिवानी बघत होती की शहाऐंशी वर्षांचा एक माणूस वहाळाच्या काठाने चालत चालत साकवापर्यंत येतोय आणि परत फिरतोय. शेवटी ते म्हणाले, "माका नारळ व्हयो."

मॅडमना कळेना. शिवानीला कळलं. बोलून आठवत नव्हतं त्यांना. देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालून आठवलं असतं. गाऱ्हाण्यात आपल्या जागेचं नाव घ्यावंच लागतं, नाहीतर देवाला कसं कळणार कोणाची लेकरं हाक मारतायत. दारातून मनुबाई सगळं ऐकत उभी होती, तिने संध्याकाळच्या कालवणासाठी घेतलेला नारळ पिशवीतून काढला आणि सरळ आत येऊन टेबलावर ठेवला. आजोबा उठले. शिवानीने त्यांना इतकं ताठ कधी बघितलं नव्हतं. टोपी नव्हती म्हणून त्यांनी डोक्यावर रुमाल घेतला, आणि आवाज जो निघाला तो ठाकुर्लीतल्या खुर्चीवरच्या माणसाचा नव्हताच.

"बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वाटांच्या धन्या! आज ही तुझी लेकरां परमुलखात परक्याच्या दारात उभी आसत..."

"व्हय म्हाराजा," शिवानी म्हणाली. कोणीतरी म्हणायला हवंच होतं; एकट्याचं गाऱ्हाणं पोचत नाही. दुसऱ्या वेळी मनुबाईचाही आवाज मिसळला. तिसऱ्या वेळी भाविका मॅडमचे ओठ हललेले शिवानीने बघितले, त्यांचंही कुठलंतरी 'जवळ' असणार. आजोबा वहाळाला हाक मारत होते, साकवाला, छप्पर न घेणाऱ्या राखणदाराला, मेलेल्या भावाला नाव घेऊन, आणि त्याच ओघात, न अडखळता, ताट वाढताना मीठ वाढावं इतक्या सहज, त्यांनी वाडीचं नाव घेतलं.

साठ वर्षांत पहिल्यांदा. किती साधं नाव होतं. तीन अक्षरांचं, एखाद्या झाडाचं असावं असं. असंच असणार, दुसरं असूच शकत नव्हतं, असं तिला वाटलं, आणि डोळे भरून आले. पण मॅडमच्या समोरच्या मशीनच्या पडद्यानेही ते ऐकलं होतं. अक्षरं उमटली, त्यांच्याखाली रेघ आली, आणि त्याखाली माहिती: घरे अकरा, माणसे शून्य. त्याखाली प्रश्न, हे मूळगाव आहे का, हो, नाही. भाविका मॅडमनी पडदा हळूच शिवानीकडे वळवला. घरातल्या माणसाने दाबायचं असतं, त्या म्हणाल्या, मला दाबता येत नाही. आणि मग खिडकीबाहेर बघत राहिल्या.

तिथे अकरा घरं होती. त्यांतल्या एका घराच्या वाट्यावरून हे सगळं झालं होतं. आता तो वाटा मागायला कोणी उरलं नव्हतं, कौलं तर केव्हाच उतरली असणार, आणि ह्या म्हाताऱ्याला तिथे नेऊन बसवलं तर ऊन सरकल्यावर त्याची खुर्ची सरकवायलाही कोणी नसणार. आपण बरोबर जावं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. लॅब, खोली, वैशालीकाकूंचं हळूच लागलेलं दार, सगळं सोडून वहाळाच्या काठी. त्या विचाराला फार गोड वास होता. पण पावसात त्यांना ताप आला तर कुठला डॉक्टर? ती तेवढी वेडी नव्हती. आजोबा उभेच होते, रुमाल डोक्यावर, चेहरा उजळलेला, मुलाने वर्गात बरोबर उत्तर दिल्यावर बघावं तसे तिच्याकडे बघत. सापडलं ना गे, असं ते डोळे म्हणत होते.

"हे गाव नाही, मॅडम," शिवानी म्हणाली. "देवाचं नाव आहे ते." आणि तिने 'नाही' दाबलं. अक्षरं पडद्यावरून गेली.

"मग गाव कुठलं लिहू?" मॅडमनी विचारलं.

तेव्हा मनुबाई पुढे आली, शिक्क्याचा ताजा कागद तिने नारळाशेजारी ठेवला. "यो म्हातारा आमचे कोपरीचा हाय. लिव."

मॅडमनी नियम वाचून दाखवला: पटलेल्या गावचा साक्षीदार चालतो, पण साक्ष खोटी निघाली तर साक्षीदाराची पट्टी कायमची पांढरी. मनुबाईने शांतपणे ऐकून घेतलं. तिला तीन खेपा घालायला लावल्या होत्या, आणि त्या तीन खेपांचा सगळा राग तिच्या पुढच्या वाक्यात होता. "गाव आमचा हाय," ती म्हणाली. "कोनला घेयाचा त्यो आमी ठरवू."

शेवटचा प्रश्न खुद्द माणसाला विचारायचा असतो. "आजोबा," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही कोपरीचे?"

त्यांनी शिवानीकडे बघितलं. ते तेव्हा भ्रमात नव्हते. हे शिवानी कुणाचीही शपथ घेऊन सांगायला तयार आहे. तिने काय केलं ते त्यांना पूर्ण कळलं होतं. चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू उतरला, आणि त्याच्या जागी जे आलं ते रागाचं नव्हतं, ओळखीचं होतं. हे काम त्यांनी स्वतः आयुष्यभर केलेलं होतं. त्यांनी रुमाल डोक्यावरून काढला, घडी घातली, खिशात ठेवला.

"व्हय म्हाराजा," ते म्हणाले.

संध्याकाळी विनीतचा फोन आला. सापडलं का, त्याने विचारलं. शिवानी म्हणाली, हो, कोपरी. कोपरी? आपण? शिवानी, खरं सांग, तो म्हणाला, आणि त्याचा आवाज लहानपणी अंधारात हाक मारायचा तसा झाला होता. फोनवरचं सगळं कुठेतरी ऐकलं जातं हे दोघांनाही ठाऊक होतं. ती तीन अक्षरं तिच्या जिभेवर होती, दुपारपासून होती, श्वास घेतला तरी लागत होती. "खरंच सांगतेय," ती म्हणाली. "कोपरी. अंतराला तसंच लिहू दे." मग फोन ठेवून ती न्हाणीघरात गेली, नळ सोडला, आणि पाण्याच्या आवाजात रडली.

आता तुम्ही विचाराल, नाव काय त्या वाडीचं. मला माहीत आहे. शिवानीने एकदाच सांगितलं, कानात, तेही माझ्याकडून वचन घेऊन. पण म्हातारा अजून आहे, गॅलरीत बसलेला असतो, आणि छापलेलं कोण कुठे वाचतं त्याचा नेम नाही. तेव्हा मला विचारू नका. विचारलंतच तर ती मंडळी कोपरीची, पूर्वीपासूनची.